आंब्याच्या शेडमधली गिरकी

पंचेचाळिशी उलटली की बायका गुडघ्यांना तेल चोळतात. मी पॅड बांधले. टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग बघून मला एका जागी गरगर फिरण्याचं, म्हणजे स्पिनचं, वेड लागलं होतं. रत्नागिरीत बर्फ मिळतो तो मासळीवर घालायचा. म्हणून चाकांचे स्केट्स मागवले आणि हंगाम संपल्यावर रिकाम्या पडलेल्या आमच्या आंब्याच्या शेडमध्ये, गुळगुळीत कोब्यावर, सराव सुरू केला. शिकवायला पुण्याची एक तरुण शिक्षिका, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर.

माझी गिरकी शेडच्या मध्यावर सुरू व्हायची आणि भिंतीशी रचलेल्या खोक्यांत संपायची.

"ताई, हा स्पिन नाही, प्रवास झाला," शिक्षिका म्हणायची. "डाव्या पायावर सरळ उभ्या राहा. हात हळूहळू छातीशी. पोट आत."

"ते नाही जायचं," फोन धरून उभे असलेले आमचे हे म्हणाले.

सासूबाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. एका रविवारी मी दाणकन आपटले, तशी त्या घरातून आपली सावरीच्या कापसाची उशी घेऊन आल्या आणि ओढणीने माझ्या मागे करकचून बांधली. "आता पड गो, हवी तेवढी!"

उशीने धीर आला. खडूच्या फुलीवर उभी राहिले, झोका घेतला, हात आत ओढले आणि सुटलेच! भिंत, खोकी, हे, सासूबाई, पुन्हा भिंत. पाय मात्र फुलीवरच! तेवढ्यात मागे टर्रकन आवाज झाला. उशी उसवली होती, आणि कापूस चहूकडे उधळत होता.

"ताई, काही दिसत नाहीये!" शिक्षिका फोनमधून ओरडली. "तिकडे बर्फ पडतोय का?"

मी थांबले. ह्यांच्या मिशीत कापूस, शिंकांवर शिंका. "पडली नाही हो!" सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगो बाय, माझी उशी!"

केरसुणी लावली की कापूस आणखीच उडे. ह्यांनी डोकं चालवून मोठा पंखा दाराकडे तोंड करून लावला. पाचच मिनिटांत शेजारच्या काकू हातात एक सुपारी नाचवत आल्या.

"माझ्या वाळत घातलेल्या सुपाऱ्यांना दाढी कशी फुटली?"

"आमच्या सुनेने स्पिन मारला," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही काकूंच्या अंगणात उकिडवे बसून सुपाऱ्या पुसत होतो. मी मधूनच उठायचे, हात छातीशी घ्यायचे आणि अनवाणीच एक गिरकी मारून घ्यायचे.