आप्पा उभे होते

माझे वडील सटाण्याच्या कांदा मार्केटात हमाल होते आणि आई खळ्यावर कांदा निवडायला जायची. घर म्हणजे एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात माझी पुस्तकं, आणि पुस्तकांनाही कांद्याचा वास. बारावीनंतर मीही मार्केटातच जाणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. अशा एका संध्याकाळी गावातले आप्पा आमच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात, तोंडातून शब्द नाही. वडील गोंधळले. म्हणाले, "आप्पा, उभा काबर? बोला ना." तेव्हा कुठे आप्पा बोलले, "पोऱ्याले नाशिकले कॉलेजले धाड. इतलंच सांगाले उनू." मोठ्या घरातला माणूस बोलण्यासाठी एका हमालाच्या परवानगीची वाट पाहतो, हे वडिलांनी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

ते आप्पा अडीच महिन्यांपूर्वी गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन. नातवाचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या कॉलेजात तास घ्यायला निघालो होतो. "सर, आप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. मला रडू येण्याआधी लाज वाटली. ती का, हे सांगायलाच हवं.

बोलण्याआधी उभं राहायचं आणि समोरचा 'बोला' म्हणेपर्यंत थांबायचं, ही सवय आप्पांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी लावली. तात्या स्वातंत्र्याआधी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आमच्या भागाचे सदस्य होते. मराठी चौथी शिकलेले. सभागृहात सदस्य आधी उभा राहतो, अध्यक्षांनी नाव पुकारलं की बोलतो, हे त्यांनी तिथे पाहिलं आणि घरी आणलं. आप्पा चहाच्या टपरीवरसुद्धा तसेच उभे राहायचे. पोरं म्हणायची, "अध्यक्ष महाराज, आप्पाले एक कट चहा मंजूर करा." आप्पा हसायचे, पण 'बोला' ऐकल्याशिवाय बोलायचे नाहीत.

मी शिकलो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही. पुढे जिल्ह्यातल्या त्या जुन्या सदस्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. मुंबईला जाऊन कामकाजाचे इंग्रजी खंड चाळले. तात्यांच्या नावावर एकही भाषण सापडेना. मी लिहिलं, 'या सदस्याने संपूर्ण कारकिर्दीत सभागृहात एकदाही तोंड उघडल्याचे दिसत नाही.' वाक्य मला फार आवडलं होतं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात ते वाचूनही दाखवलं. लोक हसले. तिसऱ्या रांगेत आप्पा उभे राहिले. टोपी हातात, नजर माझ्यावर... माईक माझ्याकडे होता. 'बोला आप्पा' एवढे दोनच शब्द लागत होते. मी मान वळवली आणि आभार मानणाऱ्याला पुढे बोलावलं. आप्पा थोडा वेळ तसेच उभे होते. मग बसले.

पुढे टपरीवर कुणीतरी विचारलं, "आप्पा, तुमना बाप मुंबईले निस्ता बसाले जाये का?" त्या दिवसापासून आप्पांनी टपरी सोडली, असं नातवानं मला फार नंतर सांगितलं.

त्यानंतर ते एकदाच नाशिकला माझ्या घरी आले, बाजरीचं पीठ घेऊन. चहा झाल्यावर सोफ्यावरून उठले आणि उभे राहिले. मी पेपर तपासत होतो. शेवटी माझी बायकोच म्हणाली, "बोला ना आप्पा." ते म्हणाले, "भाऊ, तुना पुस्तकमा मना बाप मुका शे. तू भाषणं दख्यात. प्रश्न दख्यात का? तात्याले इंग्रजी ये नही. कोनाकडथून तरी प्रश्न लिखाडी ले, आनि मंत्रीले उठीसन उत्तर देनं पडे." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी म्हणालो, "आप्पा, इतिहास पुराव्यावर चालतो, घरातल्या आठवणींवर नाही. बघतो कधीतरी."

कधीतरीमध्ये दोन वर्षं गेली. मुंबईला जाऊन एका दिवसात होणारं काम. परीक्षा, पेपर, ॲडमिशन, कारणं भरपूर होती. खरं कारण एकच, चूक आपली निघाली तर काय करायचं...

आप्पांच्या दशक्रियेनंतर गेलो. त्या खंडांत दर दिवसाच्या कामकाजाच्या सुरुवातीला प्रश्नोत्तरांची पानं आहेत. रटाळ म्हणून मी ती तेव्हा सरसकट उलटली होती. तात्या तिथेच होते. आमच्या गावाला शाळा कधी देणार? उत्तर, माहिती मागवली आहे. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा उत्तर बदललं, शाळा मंजूर झाली. पहिली ते सातवी मी त्याच शाळेत शिकलो. माझं सगळं शिक्षण ज्या पानांवर सुरू झालं, ती पानं मी वाचलीच नव्हती.

झेरॉक्स घेऊन गावी गेलो. आप्पांच्या खोलीत त्यांची टोपी खुंटीला होती, खाट दुमडून भिंतीला लावलेली. मी दारातच उभा राहिलो. आप्पांच्या सूनबाई म्हणाल्या, "आत या ना, दादा." मी झेरॉक्सचे कागद काढले, पण उंबरा ओलांडला नाही. नातू माझ्या हातातले कागद बघत राहिला, मग त्या टोपीकडे त्याची नजर गेली. "बोला सर," तो म्हणाला.

मी चारही प्रश्न वाचले, उत्तरांसकट.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती गेल्या आठवड्यात छापून आली. ते वाक्य आता त्यात नाही. त्या जागी तात्यांचे चार प्रश्न आहेत.