डमीची माघार

निवडणुकीला उभं राहायचं आणि निवडून मात्र यायचं नाही, हे काम त्याने पंचवीस वर्षं इमानेइतबारे केलं. इतकं चोख केलं, की लोक त्याचं खरं नाव विसरून गेले आणि लहानथोर सगळे त्याला डमी म्हणू लागले.

आता ही डमीची भानगड काय, ते आधी सांगून टाकतो. पक्ष उमेदवारी एकालाच देतो, पण पत्रात त्याच्या खाली दुसरं एक नाव लिहून ठेवतो. पहिल्याचा अर्ज छाननीत बाद झाला तर दुसरा उभा. पहिल्याचा टिकला, की दुसऱ्याने निमूटपणे माघार घेऊन घरचा रस्ता धरायचा. पहिलं नाव भाऊंचं असायचं. भाऊ पाच वेळा आमदार झाले आणि पाचही वेळा खालचं नाव याचं होतं.

धंदा म्हणाल तर मोटार रिवाइंडिंगचा. जळालेली पाण्याची मोटार दुकानात आली की हा तिची काळी पडलेली तार उसवायचा, नवी तांब्याची तार वेढा मोजून भरायचा, वार्निश लावून सुकवायचा. अर्ध्या मतदारसंघाच्या नळांना याच्यामुळे पाणी यायचं. पण कामाच्या पाटीवर नाव लागतं ते आमदाराचं, मोटारवाल्याला कोण विचारतो?

सहाव्या खेपेला भाऊंच्या बैठकीत दोन्ही अर्ज टेबलावर आले. इथे भाऊंचा एक जुना रिवाज होता. अर्जावर सही झाली की डमीने त्याच पेनाने माघारीच्या कागदावरही सही करून ठेवायची. तारीख नंतर टाकता येते. "तुला परत कशाला हेलपाटा?" असं भाऊ दरवेळी म्हणायचे आणि कागद सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. हेलपाट्याची काळजी होती, हे कुणाला खरं वाटत असेल तर वाटो बापडं. विश्वास होताच, पण विश्वासापेक्षा खिशातला कागद बरा, असा भाऊंचा हिशेब.

त्या सकाळी बायको या माघारीच्या सहीवरून त्याच्यावर करवादलीच होती. "अहो, दुकानाची किल्ली तरी अशी देता का कुणाला?" तरी याने सही केली. भाऊंनी स्वतः पान उलटून बोट ठेवलं. "इथे कर, डम्या. आता इथे."

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. डमीची माघार पक्की करण्याच्या नादात भाऊंच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राचं शेवटचं पान सहीवाचून राहिलं. भाऊंच्या वकिलाला वाटलं पक्षाच्या चिटणिसाने पाहिलं असेल, चिटणिसाला वाटलं वकिलाने पाहिलं असेल. दुसऱ्या दिवशी छाननीत निवडणूक अधिकारी बाईंनी ते पान वर धरलं आणि म्हणाल्या, "सही नाही." वकील तासभर बोलला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज बाद केला.

बातमी दुकानात पोचली तेव्हा हा एकशे चाळिसाव्या वेढ्यावर होता. मोजणी चुकली. सगळी तार काढून तो पुन्हा पहिल्यापासून भरायला लागला. पक्षाचा उमेदवार आता तो होता. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं.

तो फोन जवळ घेऊन बसला. भाऊंचा फोन येईल, भाऊ ओरडतील, निदान चहाला बोलावतील. मुलीचं ऑपरेशन झालं तेव्हा भाऊ दिवसभर दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसले होते. ते हा कसा विसरेल?

"भाऊ म्हणाले मागे घे, तर मी घेईन," तो बायकोला म्हणाला. "त्यांचा शब्द मी मोडणार नाही."

"म्हणू देत की," ती म्हणाली. "पण म्हणू तर देत."

दिवसभर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी चिटणीस घरची मोटार दाखवायच्या निमित्ताने आला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "भाऊंच्या मुलाने हौसेखातर अपक्ष अर्ज भरला होता ना, तो टिकलाय. आता भाऊ त्याच्या मागे उभे राहणार. तू वाटेत नसलास की झालं. आणि कागद त्यांच्या खिशात आहेच."

म्हणून फोन येत नव्हता. ज्याची सही खिशात आहे, त्याला विचारायचं कशाला? याला राग आला नाही, लाज वाटली. पंचवीस वर्षं आपण हसत हसत काय लिहून देत होतो, ते आता कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

माघारीच्या दिवशी सकाळी बायकोने इस्त्रीचा सदरा पुढे केला. "फोनपाशी बसू नका. त्या कचेरीत जाऊन बसा."

अकरा वाजल्यापासून तो निवडणूक कचेरीत बसून होता. लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. मुदत तीनपर्यंत. दाराची कडी वाजली की हा मान वर करून बघायचा. एक वाजला, दोन वाजले. अडीचला त्याला वाटायला लागलं की भाऊंनी कागद फाडून टाकला असेल. भाऊ इतके वाईट नाहीत.

तीनला वीस मिनिटं असताना भाऊ आले. मागे मुलगा. भाऊंनी याला पाहिलं, क्षणभर थबकले, मग सरळ टेबलाशी जाऊन कागद ठेवला. "याची माघार. मला आणून द्यायला सांगितलंय त्याने."

बाईंनी कागद पाहिला, मग याच्याकडे पाहिलं. "तुम्ही इथेच आहात की. ही सही तुमची?"

खोटं बोलला असता तर तिथेच सुटला असता. नाही माझी, एवढे दोन शब्द. तो खुर्चीतून उठला.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. "पण माघार माझी नाही. अर्ज भरला त्याच दिवशी ही घेतली माझ्याकडून. दरवेळी घेतात."

बाई म्हणाल्या, "मागचं राहू द्या. आज तुम्हाला माघार घ्यायची आहे का? हो की नाही?"

"डम्या," भाऊ म्हणाले. आवाज नेहमीचाच, टेबलावर बोट ठेवणारा. "मी सांगतोय ना. हो म्हण."

हो म्हणायची सवय जिभेवर होती, शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता.

"दोन दिवस फोनजवळ बसलो होतो, भाऊ," तो म्हणाला. "एकदा विचारायचं होतंत. विचारलं असतंत तर माघार घेतली असती." मग बाईंकडे वळून म्हणाला, "नाही. माघार नाही."

बाईंनी कागदावर शेरा लिहिला आणि फाइलला लावला. भाऊंनी तो परत मागितला. नोंदीत गेलेला कागद परत मिळत नसतो, असं बाईंनी सांगितलं. मुलगा काहीतरी बोलायला गेला, भाऊंनी त्याला हातानेच थांबवलं. तो परत खुर्चीत बसला.

तीनच्या ठोक्याला दार लागलं. बाई यादी वाचू लागल्या. नाव पुकारलं की उमेदवाराने पुढे येऊन चिन्हाच्या कागदावर सही करायची होती. दोघांच्या सह्या झाल्या. मग बाईंनी तिसरं नाव वाचलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. कुणीच उठलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. हाही बघू लागला. बाईंनी तेच नाव पुन्हा वाचलं.

भाऊ भिंतीला टेकून उभे होते. त्यांना ते नाव पाठ होतं, पाच वेळा स्वतःच्या नावाखाली त्यांनीच ते घातलं होतं.

"ऊठ," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझंच नाव आहे."