सणसवाडीच्या खोलीतले टेट्रा

सातव्या महिन्यात बाळ गेलं. मी दवाखान्यातून सणसवाडीच्या आमच्या भाड्याच्या खोलीवर आले, तेव्हा पाळण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या कोपऱ्यात नवऱ्याने काचेची टाकी मांडली होती. वाळूत रोवलेली हिरवी रोपं, तळाशी मिशावाले दोन मासे आणि वर निऑन टेट्रा माशांचा थवा, एकेक मासा बोटाच्या पेराएवढा.

"बघत बस. तेवढंच मन रमंल," तो म्हणाला आणि कंपनीत गेला.

मला त्याचा राग आला होता. तो रडला नव्हता. बाळाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. दवाखान्यात बाळ मला दाखवलंच नव्हतं. मीही काही विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलं नाही.

पण दिवसभर घरात एकटी असायची, म्हणून बघायला लागले. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर बसतो. टेट्रांना ते सोसेना, पहिले काही मेलेच. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून मी त्यात फिल्टरच्या जारचं पाणी मिसळायला लागले. सडकी पानं कापायची, खाणं चिमटीत चुरून टाकायचं. थवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळला की सगळ्यांची निळी रेघ एकदम चमकायची. मन रमलं असं नाही. वेळ जात होता.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीची डीपी जळाली. लाईट गेली, टाकीचा पंप बंद पडला. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. आम्ही दोघं आळीपाळीने तांब्याने टाकीतलंच पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहिलो, म्हणजे हवा मिसळेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाईट आली नाही. एकेका टेट्राचा निळा रंग आधी विझायचा, मग तो आडवा व्हायचा. शेवटी फक्त मिशावाले उरले.

नवऱ्याने मेलेले मासे तळहातावर घेतले. दारातल्या जास्वंदीच्या कुंडीत चमच्याने खड्डा केला, त्यात ते ठेवले आणि माती लोटून हलकेच दाबली. ते दाबणं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बाळाला कुठं ठेवलंत?"

त्याचा हात मातीवरच राहिला.

"गावाला, कवठ्याला. आपल्या रानात, बांधाखाली. मीच खड्डा घेतला. अंधार पडत आला व्हता."

"काय होतं?"

"पोरगी. केस लई व्हते तिला." एवढं बोलून तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र रडू आलं नाही.

पुढच्या रविवारी गाडीवर कवठे येमाईला गेलो. घरी न थांबता सरळ रानात. कांदा निघाला होता, रान नांगरून टाकलं होतं. नांगरताना बांधही कोरला गेला होता. नवरा खाली बघत बांधाच्या कडेने चालत गेला.

"हितं असंल," तो म्हणाला. मग चार पावलं पुढे गेला. "न्हाईतर हितं. तवा बांध रुंद व्हता."

मी त्या दोन जागांच्या मधे बसले. ढेकळं तापलेली होती. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, आणि आमच्यापैकी कुणालाच परत निघू या असं म्हणवत नव्हतं.