ओटा आणि ओटलो

बडोद्याला लेकाकडे राहायला येऊन दोन महिने झाले नाहीत, तोच आपल्याला गुजराती येतं असं मला वाटू लागलं. वय तेव्हा अवघं त्रेपन्न, म्हणजे अक्कल यायची होती. स्वयंपाकाचा ओटा सुनेला बुटका पडायचा, म्हणून तो पाडून उंच बांधायला गवंडी बोलावला होता. ती ऑफिसला गेल्यावर मी गवंड्याला दारातच ऐटीत हुकूम सोडला, "ओटलो तोडी नाखो!" आणि वरच्या खोलीत जाऊन बहिणीला फोनवर माझ्या गुजरातीच्या बढाया मारत बसले.

खाली येऊन बघते तर स्वयंपाकघर जसंच्या तसं, आणि दारापुढचा बसायचा कट्टा भुईसपाट! गुजरातीत ओटलो म्हणतात तो हाच. शेजारच्या दोघी दुपारी तिथे गप्पांना यायच्या. नव्या गावात तेवढीच मला सोबत. मी चक्क रडले.

गवंडी बशीतल्या चहावर फुंकर घालत, गुजरातीत आईला म्हणतात तशी हाक मारून म्हणाला, "बा, मराठीत सांगायचं ना! रावपुऱ्यातल्या मराठी घरांत काम करून म्हातारा झालो मी."

पुढचे चार दिवस तो दोन्हीकडे खपला. कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक वीट बसवली की तिला थापीने टकटक करून ऐकायचा; पटलं तर मान डोलवायचा. नाव मात्र मी विचारलंच नाही. जाताना नव्या ओटल्यावर पाण्याचा हात फिरवत म्हणाला,

"बा, वीतभर रुंद केलाय. तुम्हाला गुजराती शिकवायला दोघी पुरायच्या नाहीत."