दुसऱ्या अंतऱ्यातला आवाज

समजा, तुम्हाला एका गाण्यातून गाणारीला बाहेर काढायचं आहे. वाद्यं जागच्या जागी राहिली पाहिजेत, कोरसला धक्का लागता कामा नये, फक्त ती एकटी गेली पाहिजे. चहातून साखर काढून दाखवा म्हणण्यासारखंच हे. पण एक सोय असते. गाणं दोन भागांत रेकॉर्ड केलेलं असतं, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे बसवलेली. गाणारी मात्र बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखी. तुम्ही हेडफोन लावता आणि दोन्हीकडे जे सारखं आहे ते संगणकाकडून वजा करून घेता. बासरी राहते, ड्रमला थोडा मार बसतो, तो हातानं दुरुस्त करायचा. आवाज जातो. शब्द होते तिथं मोकळी जागा उरते, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यासाठी. याला ट्रॅक म्हणतात.

हे काम तो कित्येक वर्षं करतो आहे. दुकान म्हणजे चावीवाल्याच्या डोक्यावरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, खिडकीला जुनी गादी टेकवलेली. बाजारात त्याला सायलेन्सर म्हणतात. त्याला ते नाव आवडतं. ‘‘भल्याभल्यांची तोंडं बंद केलीत आपण,’’ असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. त्यावर बायको म्हणते, ‘‘माझं करून दाखवा, मग मानेन.’’

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो उठला आणि डावा कान बंद. मळ असेल म्हणून तेल घातलं, गरम पाण्याची वाफ घेतली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आतली नस गेली, ती आता परत येत नाही. एवढंच. इतक्या सरळपणे सांगितलं की त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

बायकोशिवाय कुणालाही त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. ‘‘डावीकडून भांडायला बरं पडतं, एक शब्द उलटून येत नाही,’’ ती म्हणायची, आणि रस्त्यानं चालताना मात्र न सांगता त्याच्या डाव्या बाजूला यायची. कामासाठी त्यानं एक युक्ती काढली. प्रत्येक ट्रॅक तो दोनदा ऐकायचा: एकदा नेहमीसारखा आणि एकदा हेडफोन उलटे घालून, म्हणजे डावीकडचं उजव्या कानात येईल. वेळ दुप्पट लागायचा, पण काम चोख व्हायचं. फक्त कुणासमोर तो हेडफोन उलटे करायचा नाही. आवाज पुसणाऱ्याला ऐकू येत नाही, हे कळल्यावर कोण येणार वर?

त्याच बाजारात एक टेलर आहे. त्याची लेक दिवसभर दुकानात काजं करते, बटणं लावते आणि गाते. तिचं गाणं ऐकायला माणसं शर्टाचं माप पुन्हा द्यायला येतात, अशी तिथली थट्टा. गावात गाण्याची स्पर्धा होती आणि जिंकणाऱ्याला एका नावाजलेल्या ऑर्केस्ट्रात कायमची जागा मिळणार होती. टेलर सायलेन्सरकडे आला. ‘‘दादा, पोरीच्या बोटांना सुया टोचायच्या थांबतील. ट्रॅक असा करा की दृष्ट लागली पाहिजे.’’

सायलेन्सरनं जीव ओतून ट्रॅक केला. दोनदा ऐकला. दुसऱ्या अंतऱ्यात मूळ गायिकेनं त्याच ओळी पुन्हा एकदा गाऊन तो आवाज फक्त डावीकडे ठेवला होता, गाणं भरदार वाटावं म्हणून. संगणकाला तो सापडला नव्हता. हेडफोन उलटे केल्यावर सायलेन्सरला सापडला, आणि त्यानं तो शब्दाशब्दानं वेचून काढला.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी टेलर धापा टाकत जिना चढून आला. ‘‘घसा बसलाय तिचा. अर्धा सूर खाली हवं म्हणतेय. आत्ता. रिक्षा खाली उभी आहे.’’

घाईत सायलेन्सरनं साफ केलेल्या ट्रॅकऐवजी आधीचाच, कच्चा ट्रॅक उघडला. अर्धा सूर उतरवला. ऐकला. उजव्या कानात सगळं स्वच्छ. आता हेडफोन उलटे करायचे, तर टेलर समोरच्या स्टुलावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

‘‘झालं ना?’’

‘‘झालं,’’ सायलेन्सर म्हणाला आणि हेडफोन काढून ठेवले.

संध्याकाळी बायकोला घेऊन तो सभागृहात गेला. उजवा कान मंचाकडे करून बसला. मुलीनं सुरुवात छान केली. पहिल्या अंतऱ्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज एकदम भरला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘‘अरे, ही रेकॉर्डच लावलीय!’’ मग शिट्ट्या. मुलीचा माईक तोंडाशीच होता, ओठ हलत होते, डोळे मात्र बापाला शोधत होते. परीक्षकबाईंनी हात वर केला. गाणं थांबलं.

टेलर उठून उभा राहिला. ‘‘बाई, पोर स्वतः गातेय माझी! हे बसलेत ना ट्रॅकवाले, विचारा त्यांना!’’

सायलेन्सर उभा राहिला. ‘‘चूक माझी आहे. ट्रॅकमध्ये आवाज राहिला. मुलीचा दोष नाही.’’

‘‘ते कळलं आम्हाला,’’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘पण आवाज वाजत असताना ती गात होती की नुसते ओठ हलवत होती? माईकवाले मागे वायर बघत होते, त्यांना ठाऊक नाही. तुमचा तर हाच धंदा. तुम्ही सांगा.’’

त्याला सांगता येईना. दोन कान असले की एक आवाज इथून आला, दुसरा तिथून, असं आपल्याला न कळत कळतं. एका कानात सगळ्याचा एकच गोळा होतो. त्यात रेकॉर्डचा सूर त्यानंच उतरवून मुलीच्या गळ्याजवळ आणलेला, आणि मुलीनं तर ते गाणं मूळ गायिकेच्या हरकतींसकट घोटलेलं. त्यानं ऐकला होता तो एक आवाज. एकच.

‘‘बोला की दादा,’’ टेलर म्हणाला. आधी जोरात. मग नुसतं, ‘‘दादा…’’

‘‘मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,’’ सायलेन्सर म्हणाला.

सभागृह हसलं. ‘‘बहिऱ्याकडून करून घेतला काय ट्रॅक!’’ बायकोनं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मुलीला पुन्हा संधी द्या म्हणून टेलरनं हात जोडले, पण ज्याला त्याला एकच संधी, हा नियम सगळ्यांना सारखा होता. बाद.

दुसऱ्या दिवशी तो बरोबर केलेला ट्रॅक घेऊन टेलरच्या दुकानात गेला. टेलर कापडावर खडूनं रेघ मारत होता. ‘‘ठेवा तिथं,’’ म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मुलगी काजं करत होती. मान खाली, तोंड बंद.

तो तसाच आपल्या दुकानात परत आला आणि हेडफोन उलटे घालून तो कच्चा ट्रॅक लावला. डावीकडची गायिका उजव्या कानात लख्ख ऐकू आली. पण मुलीचा आवाज त्यात कुठून असणार?

मी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, त्याला भेटलो तेव्हा तो एवढंच म्हणाला की तिला विचारायला जीभ रेटत नाही. ‘तू गात होतीस का?’ असं विचारणं म्हणजे त्या सभागृहात शिट्ट्या मारणाऱ्यांत जाऊन बसण्यासारखंच आहे. त्यानं बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘अहो, मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते.’’

मग तो माझ्याकडे वळला. उजवा कान पुढे केला, मी जणू उत्तर देणारच होतो.

‘‘तू शिकलेला माणूस आहेस, सांग. ती गात असेल, आणि मला ते ऐकू आलेलं नसताना मी ‘हो, गात होती’ म्हटलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं का?’’