मुनीरचाचांची पाटी

मुनीरचाचांच्या दुकानात बोलायला बंदी होती. दुकान माइक दुरुस्तीचं. जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावरच्या खोलीत ते बसायचे आणि जिना चढून आलेल्या गिऱ्हाइकापुढे आधी एक पाटी सरकवायचे. शाळेत असते तशी लाकडी चौकटीची पाटी, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. काय बिघडलंय ते लिहायचं. एकदा एक पुढारी माइक घेऊन आला आणि सवयीनं उभ्या उभ्या भाषणच करायला लागला. चाचांनी त्याच्या हातात पाटी दिली. त्यानं तीनदा पुसून शेवटी लिहिलं, ‘आवाज येत नाही.’ चाचांनी खाली लिहिलं, ‘बसा.’

माणूस तऱ्हेवाईक वाटेल, पण कामच तसं होतं. जुन्या स्टुडिओ माइकच्या जाळीमागे चपट्या पेढ्याएवढी एक चकती असते. तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्यावर केसाहून पातळ पडदा आणि पडद्यावर सोन्याचा मुलामा. बोलणाऱ्याचा श्वास, थुंकी, धूळ सगळं तिथं साचत जातं आणि एक दिवस माइक फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागतो. चाचा तो पडदा इंजेक्शनच्या पाण्यानं धुवायचे. मऊ ब्रशच्या टोकाला एक थेंब घ्यायचा, टेकवायचा, उचलायचा. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, तोंडाला रुमाल, पंखा बंद, दाराला ओलं पोतं. खालच्या दुकानातून धान्याची धूळ दिवसभर वर यायची. असल्या कामाला हीच जागा का घेतली, असं मी एकदा पाटीवर विचारलं. त्यांनी लिहिलं, ‘सासऱ्यांची आहे.’

माझा धंदा घोषणा रेकॉर्ड करून देण्याचा. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव फिरतात ना, त्यातला आवाज माझा. कापसाचं बियाणं, दातांचा दवाखाना, साड्यांचा सेल. एक जुना भारी माइक मी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणला होता. तो पहिल्यांदा चाचांकडे नेला, तेव्हा त्यांनी कॅप्सूलवर काचेची वाटी पालथी घातली आणि मगच तोंडावरचा रुमाल काढला.

“ह्याच्यात बोलतं कोन?”

“मीच.”

“काय बोलता?”

“शेतकरी बंधूंनो.”

“मंग बंधूंनो म्हनताना जरा मागं सरकत जा. तुमचे सगळे बंधू हितं येऊन बसलेत.”

मी ओशाळून विचारलं, किती दिवस लागतील. यावर त्यांचं एकच उत्तर असायचं, आणि ते सगळ्यांना सारखंच मिळायचं. “जल्दी असंल तर नवा घ्या.”

त्या वर्षी दसरा झाला आणि माइक पुन्हा तडतडायला लागला. त्याच सुमारास अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घसा बसला तो उठेना. अण्णा वाटूरला बत्तीस वर्षं मास्तर होते. शेवटच्या बाकावरच्या पोरालाच नव्हे, शाळेबाहेरच्या म्हशींनाही त्यांचे पाढे पाठ झाले असतील असा आवाज. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. दहा दिवसांनी ऑपरेशन. आवाज खरखरीत का होईना, पण तेवढे दहा दिवस होता. मला तो हवा होता, आणि चांगल्या माइकवर हवा होता. मी अण्णांना गाडीवर मागे बसवलं, माइक त्यांच्या मांडीवर दिला आणि थेट चाचांकडे गेलो.

चाचांनी जाळी उघडली, भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग वाटी पालथी घातली.

“पूजा कोनी केली?”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खिडकीकडे पाहिलं. दसऱ्याला आमच्या घरात अण्णांच्या तावडीतून काहीही सुटत नाही. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर. त्या वर्षी माइकही सापडला.

“मी,” अण्णा म्हणाले.

“कुंकू किती?”

“दोन चिमटी.”

“हळद?”

“तेवढीच.”

“अक्षता?”

“त्या जाळीवर अडकल्या.”

“नशीब,” चाचा म्हणाले. “उदबत्ती?”

“ओवाळली. कापूर पण.”

चाचांनी मान हलवली. जराही रागावले नाहीत. “दसरा झाला की चार-पाच येतातच. माझा सीझन आहे तो, गुरुजी. तुमी कशाला वाईट वाटून घेता?”

पण अण्णांना वाटलंच. त्यांना म्हणे ऑपरेशनची भीती नव्हती. पण घरी येताना गाडीवर माझ्या कानाशी तीनदा म्हणाले, “माझ्याच हातानं घाण केली रे.” मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही गिळून मी गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच चाचांकडे गेलो आणि पाटीवर सगळं लिहिलं. पाटी पुरेना, तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, माइक त्याआधी पाहिजे. आज मात्र मला ‘नवा घ्या’ ऐकायचं नव्हतं. चाचांनी वाचलं, पुसलं आणि लिहिलं, ‘गुरुजी काय बोलणार?’ मी यादी दिली. गीतेचा अध्याय, दोन कविता, पंधरा ऑगस्टचं भाषण. त्यांनी यादी पुसली. लिहिलं, ‘घरात काय बोलतात?’

बत्तीस वर्षं हा माणूस वर्गात काय बोलला ते मला ठाऊक होतं. घरात काय बोलतो, हे आठवायला मला जिन्यात पाच मिनिटं बसावं लागलं.

मंगळवारी चाचा स्वतः आमच्या घरी आले. कॅप्सूल स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर, आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवण्याच्या सूचना देत. सहा दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. माइक जोडताना म्हणाले, “हळद निघाली. कुंकवाचा एक ठिपका ऱ्हायला. तो काढायला गेलो तर सोनं निघंल. ऱ्हाऊ द्या, आवाजाला कायबी होत न्हाई.” मग हेडफोन कानाला लावून बसले. “बोला गुरुजी, कायबी बोला.”

अण्णा माइकसमोर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मुनीरभाई, चहा घेणार का?”

“बिलकुल घेनार,” चाचा म्हणाले.

एकदाही तडतडलं नाही.

दोन दिवस आम्ही रेकॉर्डिंग केलं. गीता झाली, भाषण झालं. ती रेकॉर्डिंग आजतागायत कोणी लावलेली नाहीत. बाकीची, घरातल्या बोलण्यातली सत्तावीस वाक्यं मी नीट कापून फोनवर बटणांना जोडून दिली. ‘पंखा कमी कर.’ ‘कोण आलंय?’ ‘भाजीत मीठ नाही.’ ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी अण्णांनी आईसमोर पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा फोन म्हणाला, ‘जेवलीस का?’ आई स्वयंपाकघरात निघून गेली. बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाली, “अजून न्हाई.”

अण्णा बरे झाले, पण लोकांत जाईनासे झाले. लग्नात, पारावर सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. घसा गेलेल्या माणसाचे कान शाबूत असतात, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. मग एक दिवस ते कोणाला न सांगता रिक्षा करून चाचांच्या दुकानात गेले, आणि त्यानंतर रोज दुपारी जायला लागले. तिथं कोणीच बोलत नव्हतं. गिऱ्हाइकं यायची, पाटीवर लिहायची, अण्णाही लिहायचे. अख्ख्या जालन्यात ती एकच जागा होती जिथं अण्णा इतरांसारखेच होते. शुद्धलेखनाच्या चुका मात्र ते सोडत नसत. ‘तडतडतय’ लिहिलं की ‘य’वर अनुस्वार देऊन पाटी पुढे सरकवायचे.

चाचा आमच्याकडे आले की अण्णा माइक तपासतानाच्या त्या पहिल्या वाक्याचं बटण दाबायचे. फोन विचारायचा, ‘मुनीरभाई, चहा घेणार का?’ चाचा फोनकडे बघूनच उत्तर द्यायचे, “बिलकुल घेनार.” चार वर्षं हे चाललं. दोघांपैकी कोणालाच त्याचं हसू यायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी काम करता करताच टेबलावर डोकं टेकलं. समोरची कॅप्सूल वाटीखाली झाकलेली होती. अण्णा मातीला गेले, परत आले, दोन दिवस फोनला हात लावला नाही. चाचांच्या मुलानं पाटी आणून दिली, ती कपाटावर आहे.

यंदाच्या दसऱ्याला सगळ्या यंत्रांची ओळ लागली. चाचांनी ऑपरेशनच्या वर्षीच माइकला घालायला जाड प्लास्टिकची पिशवी दिली होती, वर मार्करनं लिहिलेलं, ‘पूजा बाहेरून.’ अण्णांनी पिशवीला कुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं. उदबत्ती लांबूनच ओवाळली. मग कपाटावरची पाटी काढून माइकशेजारी ठेवली, तिलाही बोट लावलं आणि फोन काढून ते बटण दाबलं.

‘मुनीरभाई, चहा घेणार का?’

पुढे शांतता. तिथं मूळ रेकॉर्डिंगमध्ये ‘बिलकुल घेनार’ होतं. बटणासाठी वाक्य स्वच्छ पाहिजे म्हणून ते मीच कापलं होतं. मूळ फाइल मी नंतर चार दिवस शोधली, सापडली नाही. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

अण्णांनी पुन्हा दाबलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “ठेवलाय. दोन कप.”