धुळीतली खूण

आमच्या दुबई मरीनातल्या बिल्डिंगच्या कोर्टवर एक निवृत्त जर्मन टेनिसपटू माझ्याशी खेळतो. त्याचं सगळं करिअर लाल मातीवर गेलं. तिथे चेंडूची खूण उमटते आणि समोरच्याचा पॉइंट मान्य असला की ती बुटाने पुसतात. आमच्या सिमेंटवर खूण उमटत नाही, तरी हा पुसतोच. मला ते नाटक वाटायचं. जुन्या मॅचेसबद्दल विचारलं की म्हणतो, "खलास, हबीबी. सर्व्ह कर."

काल वाळूचं वादळ येऊन गेलं. क्लीनर झाडायला आला, तर हा त्याला आडवाच आला. "प्लीज, उद्या!" मग लाल मातीवर घसरतात तसा धुळीत मस्त घसरत खेळला.

माझा एक चेंडू नेमका लाइनवर पडला. खूण स्पष्ट उमटली.

"तुझा पॉइंट," तो म्हणाला. पुसायला पाय उचलला, थांबला आणि खुणेला वळसा घालून गेला.